पेद्रो आबादची बशारत मशीद: स्पेनच्या खेड्यात ‘सातशे वर्षांनंतरची पहिली मशीद’ कशी उभी राहिली?

वाटसरू यांचा प्रश्न

कोर्दोबाहून माद्रिदकडे मोटारीने जाताना साधारण पस्तीस किलोमीटरवर पेद्रो आबाद नावाचे एक लहान गाव लागते. जेमतेम तीन हजार वस्तीच्या या गावालगत, महामार्गावरून सहज नजरेस पडेल अशा जागी, दोन मिनारांची एक पांढरीशुभ्र मशीद उभी आहे. आदल्याच दिवशी आम्ही कोर्दोबाची जगप्रसिद्ध मशीद, म्हणजे आजचे कॅथेड्रल, मन भरेपर्यंत पाहिली होती. त्यामुळे ऑलिव्हच्या बागांनी वेढलेल्या या शेतकरी मुलखात दुसरी मशीद कोणी आणि कशासाठी बांधली असावी, हा प्रश्न तेव्हापासून मनात घर करून बसला आहे.

परतल्यावर थोडे वाचन केले. ही ‘बशारत मशीद’ असून ती अहमदिया जमातीने बांधली आहे, १९८० मध्ये तिची पायाभरणी झाली आणि १९८२ मध्ये ती खुली झाली, इतके समजले. बहुतेक ठिकाणी तिचा उल्लेख ‘सातशे वर्षांनंतर स्पेनमध्ये बांधलेली पहिली मशीद’ असा येतो. काही ठिकाणी हाच आकडा साडेसातशे होतो. ग्रानादाचे, म्हणजे स्पेनमधले शेवटचे मुस्लिम राज्य १४९२ मध्ये पडले असे आपण शाळेपासून वाचत आलो आहोत, मग सातशेचा हिशेब बसतो कसा? शिवाय अहमदिया पंथाचा उगम आपल्या पंजाबातल्या कादियान गावचा. त्या पंथाने स्पेनमधली आपली पहिली मशीद माद्रिद किंवा कोर्दोबासारख्या शहरात न बांधता अशा आडगावी का बांधली? आणि इस्लामी स्थापत्याचा एवढा मोठा वारसा हाकेच्या अंतरावर असताना या इमारतीचे रूप त्या वारशाहून इतके वेगळे का आहे?

जाणकारांनी सवडीने आणि सविस्तर लिहावे, ही विनंती. धर्ममतांचा वाद येथे नको. इतिहास आणि वास्तू एवढ्यापुरतीच चर्चा राहावी, अशी इच्छा आहे.

ग्वादलकिवीरकाठी यांचे उत्तर

नमस्कार. मी नोकरीनिमित्त बरीच वर्षे अंदालुसियात, म्हणजे कोर्दोबा ज्यात येते त्या दक्षिण स्पेनच्या प्रांतात, राहतो आणि त्या रस्त्याने माझे जाणे-येणे असते, म्हणून इतिहासाच्या भागाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो. वास्तूविषयी अधिकाराने लिहू शकतील असे सदस्य येथे आहेतच.

या मशिदीची हकीकत १९८० पासून सांगायला घेतली तर तिचे मर्म निसटते. अहमदिया जमातीचे पहिले प्रचारक माद्रिदला आले ते १९३६ मध्ये. त्याच वर्षीच्या जुलैत स्पेनमध्ये गृहयुद्ध पेटले आणि त्यांना देश सोडावा लागला. दुसरा प्रयत्न १९४६ मध्ये झाला. त्या वर्षी करम इलाही जफर हे तरुण प्रचारक माद्रिदला पोहोचले आणि पुढची अनेक दशके त्यांनी याच देशात काढली. पुढच्याच वर्षी फाळणी झाली. कादियान भारतात राहिले, जमातीतले बहुसंख्य लोक पाकिस्तानात गेले आणि परदेशातल्या केंद्रांना पैसा पाठवणे दुरापास्त झाले. जफर यांनी मात्र परत न फिरता स्वतःच्या कमाईवर तेथेच राहायचे ठरवले. माद्रिदमध्ये रविवारी रास्त्रो नावाचा मोठा बाजार भरतो. तेथे पथारी मांडून ते अत्तरे विकत आणि अत्तर घ्यायला थांबलेल्या गिऱ्हाइकाला, त्याने विचारले तर, आपल्या धर्माविषयी सांगत. घर चालवायचे, पुस्तकांचा स्पॅनिश अनुवाद करायचा आणि तो छापण्याचा खर्चही काढायचा, हे सारे त्या अत्तराच्या बाटल्यांवर चालले. या मशिदीविषयी कोणीही काहीही लिहिले तरी या माणसाचे नाव आधी यायला हवे, असे मला मनापासून वाटते.

जाहीर प्रचार का नाही, आणि चौतीस वर्षे मशीद का नाही, याचे उत्तर गृहयुद्ध जिंकून सत्तेवर आलेला हुकूमशहा फ्रँको याच्या राजवटीच्या कायद्यात आहे. १९४५ च्या ‘स्पॅनिश जनतेच्या सनदे’तील सहाव्या कलमाने कॅथलिक धर्माला राज्याचा धर्म ठरवले होते. श्रद्धेमुळे कोणालाही त्रास दिला जाणार नाही, खाजगीत जो तो आपापली उपासना करू शकेल, असे ते कलम म्हणते. मात्र कॅथलिक धर्माखेरीज अन्य कोणत्याही धर्माचे विधी आणि ‘बाह्य आविष्कार’ होऊ दिले जाणार नाहीत, असेही त्याच दमात सांगते. हे शब्द नीट वाचले म्हणजे लक्षात येते की घराच्या चार भिंतींत नमाज पढायला मुभा होती, पण मिनार बांधायला नव्हती. मिनार हा बाह्य आविष्कारच आहे. तो बाहेरून दिसावा यासाठीच बांधतात.

ही कोंडी टप्प्याटप्प्याने फुटली. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये धर्मस्वातंत्र्याचा पुरस्कार केल्यावर फ्रँकोच्या कॅथलिक सरकारलाही १९६७ मध्ये मर्यादित धर्मस्वातंत्र्याचा कायदा करावा लागला. जमातीचे तिसरे खलिफा, म्हणजे सर्वोच्च प्रमुख, मिर्झा नासिर अहमद १९७० मध्ये स्पेनला येऊन गेले, पण मशिदीचा योग तेव्हाही आला नाही. १९७५ मध्ये फ्रँको वारला, १९७८ च्या राज्यघटनेच्या सोळाव्या कलमाने राज्याला कोणताही धर्म राहिला नाही आणि ५ जुलै १९८० रोजी धर्मस्वातंत्र्याचा मूलभूत कायदा झाला. मिर्झा नासिर अहमद यांनी पेद्रो आबाद येथे पायाभरणी केली ती ९ ऑक्टोबर १९८० रोजी, म्हणजे या कायद्यानंतर अवघ्या तीन महिन्यांनी. आज जगभरातल्या अहमदिया मशिदींवर आणि फलकांवर दिसणारे ‘सर्वांवर प्रेम, द्वेष कुणाचाही नाही’ हे ब्रीदवाक्य याच समारंभातले आहे.

पाया घालणाऱ्यांना पुरी झालेली इमारत पाहणे लाभले नाही. ९ जून १९८२ रोजी मिर्झा नासिर अहमद यांचे निधन झाले, दुसऱ्या दिवशी मिर्झा ताहिर अहमद चौथे खलिफा म्हणून निवडले गेले आणि १० सप्टेंबर १९८२ रोजी त्यांच्या हस्ते मशीद खुली झाली.

आता गावाविषयी. पेद्रो आबाद नकाशावर आडगाव वाटत असले तरी ते तसे आडवाटेला नाही. माद्रिदहून कोर्दोबा, सेव्हिया आणि पुढे कादिसपर्यंत जाणारा दक्षिणेचा हमरस्ता गावाला लागून जातो. ग्वादलकिवीर नदीच्या खोऱ्यातून याच दिशेने रोमनांचाही रस्ता जात असे. ज्या जमातीजवळ स्पेनमध्ये मूठभर माणसे होती आणि सगळा पैसा सभासदांच्या वर्गणीतून यायचा होता, तिला जुन्या शहराच्या पोटात महागडी जागा परवडली नसती. हमरस्त्यालगतच्या गावात मोकळी जमीन मिळते आणि इमारत सहज दिसते, हा व्यवहार त्यात होताच. याखेरीज कोर्दोबाशी असलेली जवळीक ही या लोकांच्या भावनेचा भाग होती, यात मला शंका नाही. जुनी मशीद मागायला न जाता तिच्या शेजारच्या तालुक्यात नवी, स्वतःच्या खर्चाने बांधायची, हा निर्णय मला फार समंजस वाटतो. कोर्दोबाच्या कॅथेड्रलमध्ये मुस्लिमांना प्रार्थना करू द्यावी की नाही, यावरून आजही अधूनमधून वाद होतात. पेद्रो आबादला तो प्रश्नच उद्भवला नाही.

जुनी पाने यांचे उत्तर

सातशे वर्षांच्या हिशेबाविषयी थोडे लिहितो, कारण हा आकडा सगळीकडे जसाच्या तसा उचलला जातो.

कास्तियाचा ख्रिस्ती राजा फर्नांदो तिसरा याने मुस्लिमांकडून कोर्दोबा जिंकले ते १२३६ मध्ये. १२३६ ते १९८२ हे अंतर ७४६ वर्षांचे आहे. साडेसातशे किंवा ढोबळमानाने सातशे हा आकडा येथून येतो, असा माझा तर्क आहे. म्हणजे तो कोर्दोबाच्या परिसरापुरता लागू पडेल, साऱ्या स्पेनला नव्हे. ग्रानादाचे राज्य १४९२ पर्यंत टिकले आणि तेथे मशिदी बांधल्या जात होत्या. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की ख्रिस्ती राजांच्या अमलाखालच्या प्रदेशातही मुस्लिम प्रजा शतकानुशतके राहिली. या लोकांना मुदेहार म्हणतात. त्यांची स्वतःची वस्ती, काझी आणि लहानमोठ्या मशिदीही असत. कास्तियाच्या राज्यात १५०२ मध्ये आणि आरागोन-वालेन्सियाच्या बाजूला १५२६ मध्ये ‘धर्मांतर करा अथवा देश सोडा’ असे फर्मान निघाले, तेव्हा या मशिदी बंद झाल्या. धर्मांतरित मोरिस्को लोकांनाही १६०९ ते १६१४ या काळात देशाबाहेर घालवण्यात आले. तेव्हा उघडपणे चालणारी मशीद स्पेनच्या मुख्य भूमीवर नव्हती असा काळ मोजायचाच झाला, तर तो सुमारे साडेचारशे वर्षांचा भरतो.

‘पहिली’ या शब्दालाही दोन अपवाद आहेत. गृहयुद्धात फ्रँकोच्या बाजूने हजारो मोरोक्कन सैनिक लढले. त्यांच्यासाठी खुद्द कोर्दोबा शहरात, कोलोन उद्यानात, एक छोटी मशीद त्याच काळात बांधण्यात आली. तिला ‘मोराबितो’ म्हणतात आणि ती आजही उभी आहे. दुसरा अपवाद मार्बेयाचा. त्या समुद्रकिनाऱ्यावरच्या श्रीमंती शहरात सौदी राजघराण्याच्या पैशातून बांधलेली, राजा अब्दुल अजीझ यांच्या नावाची मशीद १९८१ मध्ये खुली झाली, म्हणजे बशारत मशिदीच्या आधी. पायाभरणी मात्र पेद्रो आबादची १९८० मधली.

असे असले तरी हा दावा निव्वळ पोकळ ठरवून बाजूला सारणे मला पटत नाही. मोराबितो लष्करी गरजेपोटी सत्तेने बांधली. ज्यांच्यासाठी ती होती ते सैनिक युद्ध संपल्यावर परत गेले. मार्बेयाची मशीद परदेशी राजघराण्याच्या वजनावर उभी राहिली. पेद्रो आबादला मात्र एका लहान जमातीने, लोकशाही राज्यघटनेखाली, खेड्यातल्या नगरपालिकेच्या परवानगीने, वर्गणीच्या पैशातून स्वतःचे प्रार्थनास्थळ बांधले. नव्या स्पेनमध्ये सामान्य उपासकांनी हक्काने बांधलेली पहिली मशीद, असे तिचे वर्णन केले तर ते इतिहासाला धरून होईल आणि माझ्या मते सातशेच्या आकड्यापेक्षा अधिक सन्मानाचेही होईल. इस्लामला स्पेनमध्ये रुजलेला धर्म म्हणून सरकारी मान्यता मिळाली १९८९ मध्ये आणि मुस्लिम संस्थांशी राज्याचा सहकार्य करार झाला १९९२ मध्ये. ग्रानादाच्या अल्बायसीन भागातली नवी मशीद तर २००३ मध्ये खुली झाली. या क्रमात १९८२ हे साल किती आधीचे आहे, ते पाहावे.

वाटसरू

दोघांचेही मनःपूर्वक आभार. सनदेतील ‘बाह्य आविष्कार’ आणि मिनार यांचा संबंध माझ्या कधीच लक्षात आला नसता. वास्तूविषयीचा प्रश्न अजून बाकी आहे. कोर्दोबाच्या मशिदीत जो विस्तार आणि जे खांबांचे अरण्य दिसते, त्याची आठवण या इमारतीकडे पाहून होत नाही. उलट उत्तर भारतातल्या एखाद्या गावाची आठवण होते. हे हेतुपूर्वक केलेले असावे काय?

चुना आणि वीट यांचे उत्तर

मी वास्तुरचनेचा इतिहास शिकवतो, त्या अंगाने लिहितो. प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर शोधायला कोर्दोबा आणि कादियान ही दोन्ही टोके पाहावी लागतात.

कोर्दोबाचा उमय्या घराण्यातला अमीर पहिला अब्द अल-रहमान याने इ.स. ७८५ च्या सुमारास कोर्दोबाची मशीद सुरू केली आणि पुढची दोनशे वर्षे ती वाढत गेली. तिची सगळी किमया आतल्या जागेत आहे. आज उरलेले ८५० हून अधिक खांब पाहावेत: कुणी संगमरवरी, कुणी ग्रॅनाइटचा, कित्येक रोमन आणि त्यांच्यानंतरच्या व्हिसिगॉथ राज्यकर्त्यांच्या इमारतींमधून काढून आणलेले, म्हणून एकाची उंची दुसऱ्याला जुळत नाही. कारागिरांनी त्यावर तोडगा काढला तो असा: आखूड खांबावर नालाच्या आकाराची कमान, त्याच खांबाच्या डोक्यावरून वर चढवलेला दगडी स्तंभ आणि त्यावर दुसरी अर्धगोल कमान. लाल वीट आणि फिकट दगड आळीपाळीने बसवल्यामुळे या दुहेरी कमानींचे पट्टे एकामागून एक दूरवर पसरत जातात. छत उंचावले, उजेड खोलवर गेला, आणि हे सारे जुन्या, आखूड सामानातून साधले. या परंपरेतला मिनार एकच असतो आणि तो चौकोनी, बुरुजासारखा असतो. तिसऱ्या अब्द अल-रहमानने दहाव्या शतकात बांधलेला कोर्दोबाचा मिनार आजच्या घंटाघराच्या पोटात दडलेला आहे. सेव्हियाच्या हिराल्दाचा खालचा भाग म्हणजे बाराव्या शतकातला मिनारच होय.

पेद्रो आबादच्या मशिदीला मिनारांची जोडी आहे, आणि ही एकच गोष्ट तिचे घराणे सांगायला पुरेशी आहे. दर्शनी भागाच्या दोन बाजूंना दोन मिनार ही रीत सेल्जुक या तुर्की राजघराण्याच्या काळात इराणकडे वाढली आणि तेथून हिंदुस्थानात आली. अहमदाबादच्या जामा मशिदीच्या (१४२४) मधल्या कमानीला बिलगून असेच दोन मिनार होते. १८१९ च्या भूकंपात त्यांचे वरचे भाग कोसळले, तरी बुंध्यांवरचे कोरीव काम अजून पाहायला मिळते. अंदालुसियाच्या मशिदींना ही जोडी कधीच माहीत नव्हती. तेव्हा उत्तर भारताची आठवण होते हे तुमचे निरीक्षण अचूक आहे.

दुसरे टोक कादियानचे. गुरदासपूर जिल्ह्यातल्या या गावी जमातीचे संस्थापक मिर्झा गुलाम अहमद यांनी १९०३ मध्ये तेथील अक्सा मशिदीच्या आवारात ‘मिनारतुल मसीह’ची पायाभरणी केली. दमास्कसच्या पूर्वेला पांढऱ्या मिनाराजवळ मसीहा अवतरेल, अशा अर्थाची एक हदीस, म्हणजे प्रेषित मुहम्मदांचे परंपरेने आलेले वचन, आहे. पांढऱ्या मिनाराला या जमातीत जे महत्त्व आहे ते या हदीसमुळे. योजना आखतानाच संस्थापकांनी मिनाराचे तीन उपयोग सांगितले होते: वरून अजान द्यावी, वर दिवा लावावा आणि लोकांना वेळ कळावी म्हणून घड्याळ बसवावे. ज्यांनी शंभर रुपये दिले त्यांची नावे मिनारावर कोरण्याचेही तेव्हाच ठरले. शंभर रुपये ही १९०० च्या सुमारास लहान रक्कम नव्हती. पैशाअभावी काम अनेक वर्षे रखडले आणि संस्थापकांच्या मृत्यूनंतर दुसऱ्या खलिफांच्या काळात, १९१६ मध्ये, सुमारे १०५ फुटांचा हा पांढरा मिनार पुरा झाला. तो आज जमातीची खूणच बनला आहे. त्यांच्या प्रकाशनांवर आणि ध्वजावर तो दिसतो. स्वतःच्या देशापासून दूर मशीद बांधताना या लोकांच्या डोळ्यांसमोर उमय्या खलिफांचे कोर्दोबा असण्यापेक्षा कादियान असणार, हे स्वाभाविक आहे.

परदेशात हिंदुस्थानी वळणाची मशीद बांधणे या परंपरेला नवे नव्हते. लंडनच्या साउथफील्ड्स भागातली फजल मशीद १९२४ मध्ये पायाभरणी होऊन १९२६ मध्ये खुली झाली. तिचा आराखडा थॉमस मॉसन यांच्या इंग्रज कार्यालयाने केला आणि मुघल वळणाचा घुमट नव्या काळाच्या साध्या, पांढऱ्या भिंतींवर ठेवला. तिच्यासाठीचा पैसा मुळात जमातीतल्या स्त्रियांनी बर्लिनच्या मशिदीसाठी जमवला होता, हे आवर्जून सांगितले पाहिजे. बर्लिनला पुढे मशीद झाली ती १९१४ मध्ये वेगळ्या झालेल्या लाहोर शाखेची, १९२४ ते १९२८ या काळात, ताजमहालाच्या वळणाची. पेद्रो आबादचा आराखडाही स्पॅनिश वास्तुशिल्पी होसे लुईस लोपे इ लोपेस दे रेगो यांचा आहे. म्हणजे कल्पना पंजाबची आणि हात स्थानिक, हाच नेम येथेही दिसतो.

मात्र एका बाबतीत ही इमारत त्या मातीशी सहज जुळते, ती म्हणजे रंग. अंदालुसियातल्या खेड्यांची घरे वर्षानुवर्षे चुन्याने रंगवली जातात. उन्हाळ्यात पारा चाळीसच्या पुढे जातो, तेव्हा पांढरा चुना ऊन परतवतो, आणि एकावर एक चढलेल्या हातांमुळे भिंतीचे कोपरे गोलसर, मऊ होतात. मशिदीचा पांढरा रंग जमातीच्या दृष्टीने कादियानच्या मिनाराचा असेल. गावकऱ्याच्या डोळ्याला तो आपल्याच घराचा वाटला असणार. परकी इमारत गावात खुपली नाही, याचे थोडे श्रेय मी या रंगाला देतो.

आणखी एक गोष्ट, जी विद्यार्थ्यांना मी नेहमी नकाशावर काढून दाखवतो. कोर्दोबातून मक्केची सर्वांत जवळची दिशा पूर्वेला, किंचित दक्षिणेकडे झुकलेली, साधारण शंभर अंशांची येते. जुनी मशीद मात्र त्याहून सुमारे पन्नास अंशांनी दक्षिणेकडे वळलेली आहे. त्या काळी किब्ला, म्हणजे नमाजाची मक्केकडची दिशा, ठरवण्याच्या रीती निरनिराळ्या होत्या आणि शहरातल्या जुन्या रोमन रस्त्यांच्या आखणीचाही प्रभाव पडला असावा, असे काही अभ्यासक मानतात. विसाव्या शतकात मोकळ्या शेतात मशीद बांधणाऱ्याला असे कोणतेही बंधन नसते. तो गणिताने दिशा काढतो आणि रेघ आखतो. मोकळ्या रानातली जागा वास्तुशिल्पीला हे स्वातंत्र्य देते, जे जुन्या शहरात क्वचितच मिळते.

कायद्याची पोथी यांचे उत्तर

धर्ममताचा वाद नको, हे मान्य. तरी एक कायदेशीर बाजू नोंदवल्याशिवाय या मशिदीचे मोल पुरते कळणार नाही, असे वाटते.

अहमदिया स्वतःला मुस्लिम म्हणवतात, आणि अन्य मुस्लिम पंथांतले बहुसंख्य विद्वान, मुहम्मदांनंतर प्रेषित येऊ शकतो का या प्रश्नावरून, त्यांना तसे मानत नाहीत. पाकिस्तानने १९७४ मध्ये घटनादुरुस्ती करून त्यांना बिगरमुस्लिम ठरवले. २६ एप्रिल १९८४ रोजी लष्करशहा झिया-उल-हक यांच्या विसाव्या अध्यादेशाने त्यांनी आपल्या प्रार्थनास्थळाला ‘मशीद’ म्हणणे आणि अजान देणे हा तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा झाला. पेद्रो आबादची मशीद खुली करणाऱ्या मिर्झा ताहिर अहमद यांना त्यानंतर तीनच दिवसांनी देश सोडून लंडनला जावे लागले. म्हणजे स्पेनमध्ये मिनार बांधण्याची मुभा मिळाल्यावर चार वर्षे पुरी होण्याआधीच मायदेशी आपल्या प्रार्थनास्थळाला मशीद म्हणण्याचीही मुभा राहिली नाही. पाकिस्तानी पंजाबात अहमदियांच्या प्रार्थनास्थळांचे मिनार पाडण्याचे प्रकार अलीकडेही घडले आहेत. १९८४ च्या आधी बांधलेल्या इमारतींचे रूप बदलायला हा कायदा सांगत नाही, असे लाहोर उच्च न्यायालयाला २०२३ मध्ये स्पष्ट करावे लागले.

भारतात स्थिती वेगळी आहे. केरळ उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी १९७० मध्ये, अहमदिया झाल्याने कोणी मुस्लिम राहत नाही असे होत नाही, असा निकाल दिला. फाळणीच्या वेळी कादियान सोडून न जाता तेथील पवित्र स्थळे राखण्यासाठी ३१३ माणसे मागे राहिली. त्यांना जमातीत ‘दरवेश’ म्हणतात. मिनारतुल मसीह आज उभा आहे तो त्यांच्यामुळे.

‘बाह्य आविष्कार’ या १९४५ च्या स्पॅनिश कलमाशी १९८४ च्या अध्यादेशाची तुलना करून पाहावी. एक कॅथलिक राजवटीने लिहिले, दुसरा इस्लामी म्हणवणाऱ्या राजवटीने. पण दोन्ही ठिकाणी माणसाने मनात काय मानावे यापेक्षा त्याने बाहेर काय दाखवावे यावर पहारा बसवला आहे.

ग्वादलकिवीरकाठी

चर्चा फार चांगली झाली. वाटसरू यांना किंवा अन्य कोणाला पुन्हा तिकडे जायचे असेल तर थोडी व्यवहाराची माहिती देतो.

बशारत मशीद हे पर्यटनस्थळ नाही, तिकीटखिडकी नाही. ते चालू प्रार्थनास्थळ आणि जमातीचे केंद्र आहे. अहमदिया मशिदींच्या आवारात सहसा प्रचारकाचे निवासस्थान, पुस्तके आणि पाहुण्यांसाठी जागा असते, आणि कोणत्याही धर्माच्या माणसाला आत येऊन पाहू देण्याची त्यांची रीत आहे. तरीही आधी कळवून जावे. शुक्रवारी दुपारची सामुदायिक नमाजाची वेळ टाळलेली बरी. अंग झाकणारे कपडे असावेत, जोडे बाहेर काढावेत, स्त्रियांसाठी बसण्याची व्यवस्था वेगळी असते. जमातीचे वार्षिक संमेलन येथे भरलेले आहे. असे काही चालू असेल तर निवांतपणे इमारत पाहणे जमणार नाही.

स्पेनमधली जमातीची दुसरी मशीद वालेन्सियाजवळ ला पोब्ला दे वायबोना येथे २०१३ मध्ये खुली झाली. पहिलीनंतर दुसरी व्हायला तीस वर्षे लागली, यावरून जमातीचा तेथील आकार ध्यानात यावा. तीही वालेन्सिया शहराबाहेरच्या लहान गावी आहे.

कोर्दोबात मुक्काम असेल तर सकाळी लवकर जुनी मशीद पाहावी, तेथून चालत कोलोन उद्यानात जाऊन मोराबितो पाहावी आणि दुपार टळल्यावर पेद्रो आबादला निघावे. एका दिवसात आठव्या शतकातली, गृहयुद्धातली आणि लोकशाहीतली अशा तीन मशिदी पाहून होतात, आणि वर ‘जुनी पाने’ यांनी मांडलेला फरक प्रत्यक्ष समोर येतो. नोव्हेंबर ते जानेवारी हा ऑलिव्ह उतरवण्याचा हंगाम असतो. तेव्हा गावाकडच्या आतल्या रस्त्यांवर ऑलिव्हने भरलेले ट्रॅक्टर संथ चालत असतात, म्हणून हाताशी थोडा जास्त वेळ ठेवावा.